दहाचा फ्यूज

हाड मोडल्याचा आवाज केतकीला आधी ओळखूच आला नाही. तिला वाटलं, टेबलाची फळी गेली. ट्रकचा जुना फाळका दोन ड्रमांवर आडवा टाकून केलेलं टेबल, त्यावर दोन बायकांचे कोपर रोवलेले. जाणार असेल तर फळीच जाईल ना! तिनं तर उडीच मारली. "आत्याऽऽ! जिंकलो!" असं ओरडून हातातली पक्कड हवेत गरगर फिरवली, आणि मग तिची नजर आत्यासमोरच्या वैजूकडे गेली.

वैजूचा दंड मधूनच वाकला होता. जिथं माणसाला सांधा नसतो, तिथं. वैजू ओरडतही नव्हती. दुसऱ्याच कुणाचा तरी हात चुकून आपल्या खांद्याला लागलाय, अशी ती त्याच्याकडे बघत होती. मग कातडीखालून काहीतरी टोकदार वर आलं, कातडी फाटली, फाळक्यावर रक्ताची चिळकांडी उडाली, आणि मग ती जी किंचाळली, की गोदामाच्या पत्र्यावरची सगळी कबुतरं एकदम उडाली.

तीनशे माणसं गप्प झाली. आणि पुढच्याच क्षणी त्यातली निम्मी शिट्ट्या मारायला लागली.

जयसिंगपूरच्या मार्केट यार्डामागं तंबाखूचं एक बंद पडलेलं गोदाम होतं. तिथं दर रविवारी भर दुपारी बाहीपंजा रंगायचा. बाही म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंत चढवायचा यंत्राचा हात: कॅनव्हास, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि सहा मोटरी. सगळ्यात मोठी मोटर लिंबाएवढी, सगळ्यात धाकटी सुपारीएवढी. आणि त्या लिंबाएवढ्या मोटरीच्या जिवावर माणूस साठ किलोचं सोयाबीनचं पोतं फुलांची टोपली उचलावी तसं उचलायचा. ही सगळी करामत नत्रलोह चुंबकाची. पूर्वी जोरदार चुंबक म्हटला की परदेशातल्या दुर्मिळ मातीतल्या धातूंवाचून अडायचं. मग कुणीतरी साधं लोखंड आणि हवेतला नायट्रोजन यांनाच अशा काही रचनेत बसवलं, की चुंबक झाला दुप्पट जोरदार आणि भाव झाला खिळ्यांचा. दहा वर्षांत गावोगाव बाह्या आल्या. बाह्या आल्या आणि यार्डात हमाली करायला बायका आल्या. आणि हमाल आले, तिथं पंजा आलाच!

केतकीची शालनआत्या या पंज्याची राणी होती. बेचाळीस वर्षांची, रुंद खांद्यांची, नाकात मोरणी, आणि हसली की शेजारच्या दुकानातला माणूस दचकायचा. सकाळी यार्डात हमाली, दुपारनंतर स्वतःचं 'चौगुले वाइंडिंग वर्क्स', म्हणजे जळालेल्या मोटरींत नवी तार भरून द्यायचं दुकान. आई-बाप गेल्यापासून केतकी तिच्याकडेच वाढली होती. बाकीच्या मुली दहावीचा अभ्यास करत होत्या; केतकी दहावीचा अभ्यास करून शिवाय मोटरी बनवत होती! आत्याच्या बाहीतल्या सहाही मोटरी तिनं स्वतः बनवलेल्या. आर्मेचरच्या, म्हणजे मोटरीतल्या फिरत्या गाभ्याच्या, खाचा सरळ न कापता तिनं थोड्या तिरप्या कापल्या होत्या. सरळ खाच चुंबकासमोर आली की मोटर तिथं क्षणभर अडखळते. तिरपी खाच हळूच सरकत पुढं जाते. वैजूची बाही झटके देत होती, आत्याची बाही तेलासारखी वाहत होती. केवढा अभिमान होता तिला त्या तिरप्या खाचांचा!

पण वैजूचं हाड तिरप्या खाचांनी मोडलं नव्हतं.

मोटरीचं गणित सोपं असतं. चुंबकांच्या मध्ये तांब्याच्या तारेचं वेटोळं, त्यातून वीज सोडली की वेटोळं ढकललं जातं आणि गरगरा फिरतं. खरी गंमत त्याच्या पुढं आहे. फिरणारी मोटर स्वतःच उलटी वीज तयार करते आणि आत येणाऱ्या विजेला थोपवून धरते. म्हणून मोकळी फिरणारी मोटर गुणी पोरीसारखी थोडीशीच वीज घेते. तिला अडवली की उलटी वीज संपली, आणि मग ती अधाशासारखी ओढतच सुटते. जितकी जास्त वीज, तितका जास्त जोर. पंज्यात तर दोघी एकमेकींना अडवूनच धरतात! म्हणून प्रत्येक बाहीच्या दंडावर एक काचेचा फ्यूज असतो, दहा अँपिअरचा. हाड मोडेल इतका जोर येण्याआधी तो टक् करून उडतो, बाही मरते, आणि जिची बाही मेली ती हरते.

आदल्या दिवशी, शनिवारी, सराव करताना आत्याच्या बाहीचा फ्यूज तीनदा उडाला होता. आपल्या मोटरी कुठवर जातात ते केतकीला एकदा बघायचंच होतं. घरोघरी करतात तेच तिनं केलं: फ्यूज काढला आणि त्या जागी तांब्याची तार, दोन पदरी, पिळून घातली.

हे त्या तीनशे माणसांत तिला एकटीलाच माहीत होतं.

*

दुकानामागच्या नळावर आत्या बाहीवरचं रक्त ब्रशनं घासून काढत होती. पाणी गुलाबी होऊन गटारात चाललं होतं.

"पोरगीचं हाड कसं गेलं गं?" आत्या मान वर न करता म्हणाली. "सतरा पंजे मारले आजवर. मनगट मुरगळलं कुणाचं, खांदा निखळला एकीचा. पण हाड?"

"कवळी असतील हाडं तिची."

"फ्यूज कुठला होता?"

"दहाचा."

"बघितलावतास?"

"आता हे काय आत्या! दहाचाच होता म्हटलं ना."

आत्यानं तिच्याकडे एकदा बघितलं आणि परत घासायला लागली. तिनं बाही उघडून बघितली नाही. आजवर कधी बघावी लागली नव्हती. केतकीला वाटलं, तिनं उघडून बघितली असती तर बरं झालं असतं.

बुधवारी रत्ना आली.

रत्ना खोत ही वैजूची थोरली बहीण. यार्डात गुळाच्या ढेपा उतरवायची. आत्याहून आठ-दहा वर्षांनी लहान आणि चांगली हातभर उंच. तिनं आपली बाही दुकानाच्या फळीवर आदळली. आतून जळक्या वार्निशचा वास येत होता.

"ही भरून पायजे. शनवारी."

"काय केलंस?" आत्यानं बाही उलटीपालटी केली. "दंडाची मोटर जाळलीस की पार."

"सराव केला. भिंतीला."

"भिंत राहिली का?"

"भिंत राहिली. रविवारी तुमचा हात राहायचा न्हाई." रत्नाचा आवाज अगदी साधा होता, पीठ दळायला टाकताना असतो तसा. "वैजूच्या दंडात सळई घातलीया. बोटं हलत्यात का न्हाई, डॉक्टर सांगंनात. भूपालअण्णांना मी सांगितलंय, रविवारी शालनताई आणि मी. हाताला हात."

"आणि बाही माझ्याकडंच आणलीस भरायला?"

"दुसरं हाय कोण? सांगलीपतूर नत्रलोहाची मोटर भरायला तुमच्याशिवाय माणूस न्हाई."

आत्या मोठ्यानं हसली. शेजारचा सायकलवाला दचकला.

"दुकानाच्या आत गिऱ्हाईक, बाहेर वैरीण. शनवारी दुपारी घेऊन जा. पाणी घेतीस?"

"तुमच्या हातचं?"

"घे की. हात हाय तंवर."

रत्नानं खरंच पाणी घेतलं. तांब्या खाली ठेवला आणि केतकीकडे वळली. "आणि ती मोटर तू केलतीस म्हणं. वैजूचा हात मोडणारी. मी पण बघतेच, माझ्या बाहीत काय काय घालता येतंय." आणि निघून गेली.

केतकीला याचा एकच अर्थ लागला: ही बाई तार घालणार! फ्यूज काढून तार घालणार आणि आत्याचा दंड वैजूसारखाच...

आता कुणीही म्हणेल, बाई गं, सरळ आत्याला सांगायचं! पण सांगायचं म्हणजे आधी स्वतःच्या तारेचं सांगायचं. ते ओठांपर्यंत यायचं आणि परत घशात जायचं. आत्याच्या बाहीतली तारही तिनं काढली नाही. समोरची तार घालून येणार असेल, तर आपणच तेवढी का काढायची?

*

दुकानाच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं ठळक लिहिलं होतं: चुंबकाची मोटर भट्टीत घालू नये.

त्यामागं एक किस्सा होता. जुन्या पंपाच्या मोटरी भरणारे लोक पहिल्यांदा मोटर भट्टीत भाजायचे. वार्निश जळून गेलं की आतली तार सुटी होऊन झटकन निघते. आत्या तेच शिकत मोठी झाली. पहिली नत्रलोहाची मोटर आली, तेव्हा तिनं तीही सवयीनं चुंबकासकट भट्टीत घातली. नवी तार भरली, वीज दिली, आणि मोटर अशी पळाली अशी पळाली, की गिऱ्हाईक खूश होऊन नाचायचंच बाकी राहिलं! घरी नेऊन त्यानं तिला बादली लावली, तर बादली हलेना.

त्याचं कारण केतकीनंच नंतर आत्याला समजावून सांगितलं होतं. चुंबकात अणू कसे प्रार्थनेला उभे असल्यासारखे रांगेत असतात, आणि उष्णता म्हणजे सुट्टीची घंटा. नत्रलोहाची रांग तर दोनशे अंशांच्या पुढं मोडायला लागते आणि पुन्हा लागत नाही. मग चुंबक लेचापेचा होतो. उलटी वीज कमी तयार होते, तिचा अडसर कमी होतो, म्हणून मोकळी मोटर आणखीच जोरात पळते, आणखीच वीज पिते. पण तिच्यात दम नसतो. पळायला पुढं, उचलायला मागं! तेव्हापासून भिंतीवर तो लाल मजकूर होता.

शुक्रवारी दुपारी आत्या तार आणायला सांगलीला गेली. केतकीनं रत्नाची बाही उघडली. आधी फ्यूजची डबी बघितली.

आत दहाचा फ्यूज होता. काचेचा, स्वच्छ, जागच्या जागी.

तिनं डबी परत लावली. आत्ता दहाचा आहे, ती स्वतःला म्हणाली, रविवारी कोण बघतंय? मग तिनं सहाही मोटरींची कवचं चुंबकांसकट काढली, भट्टीत ठेवली आणि काटा अडीचशेवर नेला. भट्टी तापत असताना तिनं भिंतीकडे पाठ केली होती. अर्ध्या तासानं कवचं बाहेर काढली. दिसायला अगदी होती तशीच. एका कवचाला तिनं खिळा लावून बघितला. खिळा चिकटला, पण दम खाऊन, आळसानं. संध्याकाळी आत्यानं तार आणली, ती केतकीनं एकटीनंच भरली आणि आत्यानं हात लावायच्या आत बाही बंद करून ठेवली.

शनिवारी रत्ना आली तेव्हा आत्या एका पंपाची मोटर पोचवायला गेली होती. रत्नानं बाही चढवली, बोटं मिटली, उघडली. मोटरी सूंऽऽ करून फिरल्या.

"आयला!" रत्नाचे डोळेच मोठे झाले. "पयल्यापेक्षा पळतीया की गं!"

"हो. नवी तार आहे ना."

"वैरिणीची मोटर असून अशी भरून दिलीस." रत्नानं मोकळ्या हातानं तिच्या डोक्यावर हळूच टप्पल मारली. "हात चांगला हाय तुझा. रविवारी बघायला येऊ नकोस. आत्याचं बघवायचं न्हाई तुला."

रात्री केतकीला जेवण गेलं नाही. पोट बिघडलंय म्हणाली.

*

रविवारी गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. वैजूही आली होती. गळ्यात झोळी, झोळीत हात, आणि त्या हाताची निळसर बोटं.

पंच भूपालअण्णा म्हातारे झाले होते, पण आवाज खणखणीत. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला बाहीपालट हवी?" बाहीपालट म्हणजे जुनी रीत. कुणाला समोरच्या बाहीत काही काळंबेरं वाटलं, तर तो अदलाबदल मागू शकतो, आणि समोरच्याला नाही म्हणता येत नाही. रीत होती, पण कुणी कधी मागायचं नाही. स्वतःच्या हाताला बसलेली बाही कोण देईल?

रत्नानं नकारार्थी मान हलवली. आत्याही नाही म्हणणार, एवढ्यात रत्नानं सवयीनं बोटं मिटली-उघडली.

सूंऽऽऽ.

आत्याची मान वळली. पंचवीस वर्षं मोटरी भरणारी बाई! ताप बघायला आई पोराच्या कपाळाला हात लावते, तशी ती मोटरीला कान लावायची. तो वरच्या पट्टीतला, हलका, पोकळ आवाज तिनं आयुष्यात एकदाच ऐकला होता. बादलीवाल्या मोटरीचा.

तिनं केतकीकडे बघितलं. केतकीनं मान खाली घातली. बस्स, तेवढंच. तेवढ्यात सगळं बोलून झालं.

"अण्णा," आत्या म्हणाली, "बाहीपालट."

गोदामात हलकल्लोळ उडाला. "काय भानगड हाय ही?" रत्ना ओरडली. "माझ्या बाहीत काय बघितलं तुम्ही?"

"काय बघितलं न्हाई. माझ्या बाहीवर संशय तुलाच हाय न्हवं? मग घाल तीच, आणि लढ."

पट्टे सुटले, बाह्या बदलल्या. केतकी फाळक्याकडे धावली. आत्या तो लेचापेचा, भाजलेला हात स्वतःच्या खांद्याला बांधत होती, आणि तिकडं रत्नाच्या दंडावर केतकीच्या सहा तिरप्या खाचांच्या मोटरी चढल्या होत्या. आणि ती तार.

"आत्या, ऐक, नको, त्यात..."

"गप." आत्यानं तिचा दंड असा धरला की कळ मस्तकात गेली. कानाशी तोंड आणून ती पुटपुटली, "एक शब्द काढू नकोस. काय केलंस ते हितं कळलं तर जित्ती सोडायची न्हाईत तुला ही माणसं. मी हरते, विषय संपला. फ्यूज उडंल, हात टेकंल, घरी जाऊ. घरी बघते तुला."

"फ्यूज..." केतकी म्हणाली. पण आत्यानं तिला मागं ढकललं, कुणीतरी तिच्या पुढ्यात घुसलं, आणि भूपालअण्णांची शिट्टी वाजली.

दोन पंजे एकमेकांत अडकले. दोन्हीकडच्या मोटरी एकदम गुरगुरल्या. आत्याच्या खांद्यावरची शीर दोरीसारखी ताठ झाली. क्षणभर हात सरळ उभे राहिले. भाजलेल्या मोटरी अधाशासारखी वीज पीत होत्या आणि त्या बदल्यात काहीच देत नव्हत्या. मग आत्याच्या दंडावर आवाज झाला.

टक्.

दहाचा फ्यूज. रत्नानं शेवटपर्यंत तार घातलीच नव्हती.

बाही मेली. नियमानं पंजा तिथंच संपला. पण बोटं बोटांत रुतलेली, गर्दी किंचाळत होती, आणि रत्नाच्या डोळ्यांसमोर वैजूची निळी बोटं होती. तिनं सगळा जोर लावला. एवढ्या जोराला तिचाही फ्यूज उडायला हवा होता. उडाला नाही. केतकीच्या मोटरी अडवलेल्या, उलटी वीज शून्य, दोन पदरी तारेतून वीज पुराच्या पाण्यासारखी घुसत होती. कॅनव्हासमधून धूर निघाला. आत्याचा दंड आधी थरथरला, मग कुठल्यातरी चुकीच्या दिशेला पिळायला लागला. तिनं ओठ एवढा चावला की हनुवटीवरून रक्त ओघळलं. मग फळी मोडल्यासारखा तो आवाज आला. आता केतकीला तो ओळखू आला.

"थांब! तुटंल हात! तुटून पडंल!" भूपालअण्णा ओरडत होते. रत्नाला थांबायचं होतं की नव्हतं, कोण जाणे. तापलेली बाही आता तिचंही ऐकत नव्हती. मिटलेली बोटं उघडेनात. मोडलेला हात खाली खाली चालला होता आणि कोपराचा सांधा चुरचुरत उकलायला लागला होता.

केतकी लोकांच्या पायांतून घुसली. रत्नाच्या पाठीवर बॅटरी, बॅटरीतून बाहीकडे जाणारा प्लग. प्लॅस्टिक वितळून लोंबत होतं. तिनं तो उघड्या हातानं धरला. कातडी चर्रर्र भाजली, वास आला, पण तिनं सोडला नाही, उपटला. पण तेवढ्यानं भागत नाही! वीज तोडली की मोटर नुसती मोकळी होते. रत्नाचा स्वतःचा जोर उरतोच, आणि पंजा टेबलाला टेकायला वीतभरच अंतर होतं. मोटरीला आवळायची असेल तर तिची दोन टोकं एकमेकांना जोडायची. मग तिचीच उलटी वीज तिच्याच वेटोळ्यात फिरते आणि तिलाच धरून ठेवते. चुंबक जितका जोरदार, तितका ब्रेक घट्ट. आणि हे चुंबक तर केतकीनं स्वतः निवडलेले! बाहीकडच्या प्लगच्या दोन पितळी काड्या तिनं खिशातल्या पकडीच्या तोंडात आवळल्या.

ठिणगी उडाली. रत्नाचा हात दगडातून चालल्यासारखा मंद झाला आणि टेबलापासून चार बोटांवर जवळजवळ थांबलाच. भूपालअण्णांनी आणि दोघांनी मिळून मिटलेली बोटं एकेक करून उचकटली.

"दगाबाजी!" मागून कुणीतरी ओरडलं. "पोरीनं बाही बंद केली!" एक चप्पल आली, मग एक वीट. वीट केतकीच्या कानाजवळून गेली.

"हो, मीच केली!" केतकी टेबलावर चढली. आवाज एकदम सरळ निघाला. "आणि रत्नाताईंची बाही मी बिघडवली. चुंबक भट्टीत भाजले. आत्याला माहीत नव्हतं. तिला आवाजावरून कळलं, म्हणून तिनं ती स्वतःच्या हाताला बांधली!"

रत्नानं तिला टेबलावरून खाली ओढलं आणि अशी थोबाडीत मारली की केतकी ड्रमवर आपटली. दुसरी मारली. तिसरीला तिचा हात वर गेला.

"सोड तिला," आत्या म्हणाली. तिचा उजवा हात कापडासारखा लोंबत होता, चेहरा राखेसारखा झाला होता. "पोर माझी हाय. दुकान माझं हाय. रागाचं काय असंल ते मला घाल."

रत्नानं त्या लोंबत्या हाताकडे बघितलं. मग वैजूकडे. बाही ओरबाडून काढली, जमिनीवर फेकली आणि वैजूला धरून निघून गेली. बाहीच्या डबीतल्या तारेकडे कुणी बघितलं नाही.

*

सव्वा महिन्यानं एका सकाळी रत्ना दुकानात आली. हातात तिची तीच भाजलेली बाही, भूपालअण्णांनी घरी पोचवलेली. आत्या प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून खुर्चीत बसली होती. त्या रविवारपासून ती केतकीशी कामापुरतंच बोलत होती.

"नवे चुंबक घालून पायजेत," रत्ना म्हणाली. "मी हितंच बसते. हलणार न्हाई."

"बस," आत्या म्हणाली.

रत्ना स्टुलावर बसली आणि केतकीच्या हातांवर नजर रोवली. केतकीनं कवचं काढली, जुने चुंबक उचकटले, नवे बसवले. भाजलेल्या तळव्याची नवी, गुलाबी कातडी ताणली की दुखायची. तीन तासांत सहाही मोटरी झाल्या. शेवटी तिनं डबीत फ्यूज घातला, काचेवरचा आकडा रत्नाला दाखवला, डबी बंद केली आणि बाही पुढं केली.

रत्नानं ती चढवली. बोटं मिटली-उघडली. आवाज खालच्या पट्टीत होता, भरलेला.

"नुसती पळवून नको दाखवू," रत्ना म्हणाली. "ते पोतं दे."

वाळूचं साठ किलोचं पोतं. रत्नानं ते एका हातानं उचललं आणि छातीइतकं वर धरून ठेवलं. पोतं हललं नाही.

मोटरीत काही खोट नव्हती. आता रत्ना जाईल, आणि मग ते कधीच सांगून होणार नाही.

"रत्नाताई," केतकी म्हणाली. "वैजूताईच्या वेळी आत्याच्या बाहीत फ्यूज नव्हता. तार होती. दोन पदरी. मी घातली होती. आत्याला मी दहाचा म्हणून सांगितलं."

पोतं दाणकन खाली पडलं. खुर्चीत आत्यानं डोळे मिटून घेतले.

रत्नाचा हात सुटला आणि केतकीच्या मनगटावर बसला. बाहीतला हात. सहाच्या सहा मोटरी गुरगुरल्या. अ‍ॅल्युमिनियमची बोटं मिटत गेली, मनगटातली हाडं एकमेकांवर घासली, केतकी गुडघ्यावर आली. तिनं हात ओढला नाही. ओढला असता तरी सुटला नसता. रत्नाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि बोटं मिटतच होती, आणखी, आणखी...

टक्.

बोटं सैल पडली. मोटरींची गुरगुर विझली. केतकी मनगट पोटाशी धरून जमिनीवर बसली, बोटं एकेक करून हलवून बघितली. पाचही हलत होती.

रत्ना मेलेल्या बाहीकडे बघत उभी होती. जोरात धापा टाकत होती.

आत्या खुर्चीतून उठली. फडताळापाशी गेली, डाव्या हातानं एक डबी उघडली, आणि त्यातला एक काचेचा फ्यूज काढून केतकीच्या पुढ्यात धरला.

"ऊठ," ती म्हणाली. "हिला नवीन घालून दे. दहाचाच."